पहिली टेली-झूम घेण्याआधी पावलं मोजा

हिवाळ्यात एखाद्या रविवारी सकाळी पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर गेलात, तर गळ्यात कॅमेरा अडकवलेले चार-पाच जण दिसतातच. त्यांच्यात एक हमखास नवा असतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स, आणि समोर दूर उथळ पाण्यात रोहितांची (फ्लेमिंगोंची) फिकट गुलाबी रांग. तो दहा फोटो काढतो, स्क्रीनवर मोठे करून बघतो आणि त्याचं तोंड उतरतं. फोटोत पाणी आहे, आभाळ आहे, आणि मधे कुणीतरी खडू झटकल्यासारखे ठिपके. परतीच्या रस्त्यावर त्याचं ठरलेलं असतं, आता मोठी लेन्स, म्हणजे दूरचं जवळ ओढणारी टेली-झूम घ्यायची.

मीही असाच ठरवून घरी आलो होतो. आठ दिवसांत एका दुकानातून ७०-३००, म्हणजे ७० ते ३०० एमएमची झूम उचलली. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. ‘निकॉनला बसते ना?’ एवढंच मी विचारलं, ‘बसते की’ एवढंच उत्तर मिळालं, आणि ते खरंही होतं. लेन्स बसली. ऑटोफोकस मात्र चालेना, कारण त्या लेन्समध्ये मोटर नव्हती आणि माझ्या डी-५१००च्या बॉडीतही नव्हती. हाताचा कंप आवरणाऱ्या स्टॅबिलायझरचा तर पत्ताच नव्हता. पुढचं सबंध वर्ष मी हाताने रिंग फिरवत बसलो आणि पक्षी उडून गेलेल्या मोकळ्या फांद्यांचा मोठा संग्रह केला. दुकानात नेमकं काय विचारायचं असतं, तेच मला ठाऊक नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

एक शंका आधीच मिटवू. २०१८ साली कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे मिररलेसचे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे नवे माउंट (लेन्स बसवायच्या खाचा) आणले, आणि तेव्हापासून दोघांचंही लक्ष तिकडे गेलं. मग आपल्या आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या, म्हणजे डीएसएलआरच्या लेन्समध्ये आता पैसे घालायचे का? माझं मत, जरूर घालायचे, पण शक्यतो सेकंडहँड लेन्समध्ये. मिररलेसकडे वळणारे लोक जुन्या लेन्स विकून मोकळे होतात, त्यामुळे चांगला माल बाजारात येतो. उद्या तुम्ही त्याच कंपनीची मिररलेस बॉडी घेतली, तर अडॅप्टर लावून यातल्या बहुतेक लेन्स तिथेही चालतात. माझ्या त्या बिनमोटरच्या लेन्ससारख्या असतील, तर तिथेही हातानेच फिरवत बसावं लागतं.

आधी पावलं मोजा

दुकानात जाण्याआधी एक सकाळ खर्च करा. जिथे फोटो काढायचेत तिथे जा, नेहमी उभे राहता तिथे उभे राहा आणि समोरच्या विषयापर्यंत किती अंतर आहे ते काढा. साधं पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर चाळीस पावलं म्हणजे तीस मीटर. पाण्यावर चालता येत नाही, तिथे काठाकाठाने तेवढं चालून बघायचं आणि नजरेने ताडायचं.

आता थोडं गणित, सातवीच्या पोरालाही जमेल असं. आपल्यापैकी बहुतेकांकडे छोट्या सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी बॉडी असतात. त्यांचा सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच असतो (कॅननचा किंचित लहान). अंतर मीटरमध्ये घ्या, २४ ने गुणा आणि लेन्सच्या एमएमने भागा. येईल तितके मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. उंची हवी असेल तर २४ च्या जागी १६ घ्या.

तारेवर बसलेला वेडा राघू दहा मीटरवर आहे आणि लेन्स ३००ची आहे. दहा गुणिले २४ भागिले ३००, म्हणजे ०.८ मीटर. ऐंशी सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीत वीतभर पक्षी. मोबाइलवर टाकायला आणि छोटी प्रिंट काढायला हे भरपूर झालं. साठ मीटरवर काळवीट असेल तर फ्रेम ४.८ मीटर रुंद. काळवीट लहान दिसेल, पण आजूबाजूच्या माळासकट तो फोटो चांगला होऊ शकतो. आणि नाथसागरातले रोहित दीडशे मीटरवर असतील तर फ्रेमची उंची ८ मीटर होते. सव्वा मीटरभर उंचीचा रोहित त्यात सहाव्या हिश्श्याएवढा. ६०० एमएम लावली तरी तिसऱ्या हिश्श्याएवढाच. दोन किलोची लेन्स वागवून शेवटी पक्षी फ्रेमच्या एकतृतीयांश.

म्हणून म्हणतो, एमएम वाढवण्याआधी अंतर कमी होतंय का ते बघा. एका डिसेंबरात मी काठावर असाच डोळे ताणत बसलो होतो. जाळं आवरणारा एक मासेमार म्हणाला, ‘काय करू ऱ्हायले भाऊ इथं? पाखरं इथं नाही येत. त्या तिकडं गाळपेराच्या कडंला दिवस निघायच्या टायमाला येतेत.’ दुसऱ्या दिवशी अंधारातच त्याने दाखवलेल्या जागी जाऊन बांधाआड बसलो. उजाडल्यावर रोहित चरत चरत आपले आपण अलीकडे आले. मी हललो नाही. ते गेल्यावर पावलं मोजली तर साठ भरली, म्हणजे ४५ मीटर. त्या अंतरावर ३०० एमएममध्ये पक्षी अर्धी फ्रेम भरतो. आदल्या दिवशीची लेन्स, आदल्या दिवशीचाच कॅमेरा.

उलट, पक्ष्यांकडे चालत जाऊन अंतर कमी करू नका. जायकवाडी १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. फोटोसाठी थवा उडवणं हे तिथे तर नकोच, कुठेच नको. हजारो किलोमीटर उडून आलेली बदकं पोट भरायला बसलेली असतात.

जत्रा, पालखी, कुस्त्या, शाळेचं मैदान हे तुमचे विषय असतील तर गणित फार सोपं आहे. आखाड्यापासून पंधरा मीटरवर ७० एमएमला पाच मीटरची फ्रेम मिळते, दोन्ही मल्ल मावतात. २०० एमएमला १.८ मीटर, म्हणजे पकड आणि चेहरा. याच्या वर काही लागत नाही. वेरूळला कैलासाच्या वरच्या अंगाची शिल्पं खालून टिपायला २००-३०० एमएम फार कामाला येते. अजिंठ्याला मात्र टेली-झूम बॅगेतच राहू द्या. आत अंधार असतो, फ्लॅशला मनाई आहे.

‘ही ३०० म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर ४५० बरं का!’ असं दुकानात ऐकायला मिळतं. निकॉनच्या छोट्या सेन्सरला १.५ आणि कॅननच्याला १.६ ने गुणतात, ते फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशी तुलना करायला. वरच्या गणितात तो हिशेब आधीच धरलाय. पुन्हा गुणून आनंदी होऊ नका.

आपलं ऊन: फुकटची मदत आणि मोठा घात

हा भाग पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यात क्वचितच सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

मदत आधी सांगतो. महाग टेली-झूम महाग असते ती मुख्यतः प्रकाश जास्त घेते म्हणून. एफ/२.८ची लेन्स एफ/५.६च्या लेन्सपेक्षा चौपट प्रकाश आत घेते (एफपुढचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). घनदाट जंगलात, ढगाळ हवेत त्याची किंमत कळते. पण आपल्याकडे मराठवाड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ बहुतेक निरभ्र असतं. जुना नियम आहे. लख्ख उन्हात एफ/१६ला शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं तो आकडा) आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनक्षमतेच्या आकड्याएवढा ठेवायचा. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ला १/४००, आणि तेच एफ/८ला १/१६००. १/१६०० म्हणजे उडता बगळासुद्धा स्थिर. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० किंवा १६०० करावा लागेल, एवढंच. म्हणजे एफ/५.६ची स्वस्त लेन्स एफ/८वर आणून वापरायची मुभा आपल्याला आहे, आणि या स्वस्त लेन्स एफ/८ला सर्वांत रेखीव फोटो देतात.

घात दुसरीकडे आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून वर सरकते, वरची गार हवा खाली येते, आणि या कमी-जास्त दाटीच्या थरांतून येताना प्रकाश सतत वाकडातिकडा होतो. रस्त्यावर मृगजळ दिसतं ते याच प्रकारातलं. काळी जमीन, पाणी ओसरलेला गाळ, डांबरी रस्ता, पत्र्याचं छप्पर हे सगळे या झळांचे कारखाने. हिवाळ्यातही दहा वाजले की दूरचा पक्षी उकळत्या पाण्याआडून बघितल्यासारखा दिसायला लागतो. जितकं अंतर जास्त तितकी झळांची भिंत जाड, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती भिंतही मोठी होऊन फोटोत येते. यावर कुठल्याही कंपनीकडे औषध नाही. अकरा वाजता दीडशे मीटरवर ६०० एमएम लावून काढलेला फोटो आणि ३००ने काढून कापलेला फोटो, दोन्ही सारखेच लिबलिबीत निघतात.

माझ्या ओळखीतल्या एकाने याच कारणाने चांगली लेन्स ‘खराब’ म्हणून विकली. फोटो बिघडला की आधी पंधरा मीटरवरचं काहीतरी टिपून बघा, बाभळीची शेंग, कुंपणाचा खांब. तो फोटो स्वच्छ आला तर लेन्स ठीक आहे, हवा खराब आहे.

उपाय वेळेचा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सात ते साडेनऊ हा आपला धंद्याचा वेळ. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा. सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येतं आणि पक्ष्यावर पडतं. चारचाकीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करा, आणि आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडत असेल तर दोन मिनिटं थांबा. बॉनेटवरून तर कधीच काढू नका.

बॉडी आणि लेन्सची सोयरीक

इथे मी मार खाल्लाय.

कॅननवाल्यांचं सोपं आहे. ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही लेन्समध्ये मोटर असते. ईएफ-एस फक्त छोट्या सेन्सरच्या बॉडीवर बसते, ईएफ दोन्हींवर. पुढेमागे फुलफ्रेम घ्यायचा बेत असेल तरच याचा विचार करा. नुसता ‘बघू’ असेल तर नको.

निकॉनवाल्यांनी अक्षरं नीट वाचावीत. नुसतं ‘एएफ’ लिहिलेल्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी-९०, डी-७००० आणि पुढचे डी-७१००, ७२००, ७५०० यांच्यात ती मोटर आहे. डी-३००० आणि डी-५००० या मालिकांमध्ये नाही. त्यांना ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्सच हवी. एएफ-पीचीही एक गोम आहे. ती डी-३३००, डी-५३००, डी-३४००, डी-५६०० अशा नव्या बॉडीवर सुरळीत चालते, पण डी-९०, डी-५१००, डी-३२०० अशा जुन्यांवर फोकसच करत नाही. म्हणजे डी-९०ला जी चालते ती डी-५६००ला चालेल असं नाही, आणि उलटंही नाही. स्वतःची बॉडी दुकानात घेऊन जा, लेन्स लावा, शटर अर्धवट दाबा, आणि फोकस झाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

लेन्सवर लिहिलेलं वाचायला शिका

‘५५-२५० एफ/४-५.६’ याचा अर्थ ५५ला ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) एफ/४पर्यंत उघडतं, २५०ला मात्र एफ/५.६पर्यंतच. तुम्ही नव्वद टक्के वेळ मोठ्या टोकालाच असणार, म्हणून दुसरा आकडाच तुमचा.

स्टॅबिलायझर. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, आणि या दोघांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स करणाऱ्या कंपन्यांपैकी सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. पहिल्या टेली-झूममध्ये हा हवाच, यावर माझ्याकडून तडजोड नाही. ३०० एमएमला हाताचा कंप छोट्या सेन्सरवर इतका मोठा होतो, की स्टॅबिलायझर नसेल तर १/५०० पेक्षा कमी शटर स्पीडला भरवसा नाही. शिवाय व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर दिसल्याने पक्षी शोधणं सोपं जातं, हा फायदा कुणी सांगत नाही. पण लक्षात ठेवा, तो तुमचा हात स्थिर करतो, पक्ष्याचे पंख नव्हे. पंखांना शटर स्पीडच लागतो.

लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारं टेलिकन्व्हर्टर नावाचं एक आमिष असतं. ‘३००चे ४२० होतात!’ होतात, पण १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो. एफ/५.६ची लेन्स एफ/८ होते, आणि साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६च्या पलीकडे हात टेकतो. बऱ्याच स्वस्त झूमवर तर कन्व्हर्टर बसतही नाही. सोडून द्या.

मी काय घेईन

कॅननची छोटी बॉडी असेल तर ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. २०१३ची लेन्स, वजन ३७५ ग्रॅम, फोकस शांत, आणि ८५ सेंटिमीटरवरचं फुलपाखरूही टिपते. पैशाच्या मानाने याहून चांगली टेली-झूम कॅननने या बॉडींसाठी केली असेल असं मला वाटत नाही. थोडं जास्त हवं असेल तर ईएफ ७०-३०० आयएसची २०१६ची दुसरी आवृत्ती. तिचं वजन साधारण ७१० ग्रॅम. ७५-३०० नावाची एक लेन्स नव्या कॅमेऱ्यासोबत जोडून स्वस्तात खपवली जाते. तिच्यात स्टॅबिलायझर नाही आणि ३००ला ती मऊ, म्हणजे धूसर पडते. फुकट मिळाली तरच घ्या.

निकॉनवर नवी बॉडी असेल तर एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर, वजन ४१५ ग्रॅम. सावध राहा, हुबेहूब अशीच एक व्हीआर नसलेली लेन्सही आहे. नावात ‘व्हीआर’ ही अक्षरं शोधा. लेन्सवर बटण शोधू नका, ते दोन्हींवर नाही. जुनी बॉडी असेल तर एएफ-एस ५५-३०० व्हीआर. मी शेवटी हीच घेतली. फोकसला जरा सुस्त आहे, पण बसलेल्या पक्ष्याला काय घाई? टॅमरॉनची ७०-३०० व्हीसी हीसुद्धा सेकंडहँड मिळाली तर चांगली.

दोन-तीन हिवाळे काढल्यावर, हात बसल्यावर आणि अंतर खरंच कमी होत नाही हे पटल्यावर पुढची पायरी. सिग्मा किंवा टॅमरॉनची १००-४००, दोन्ही २०१७च्या, सव्वा किलोच्या आतल्या. त्यापुढे सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी-२, किंवा निकॉन २००-५०० एफ/५.६. या तिन्ही दोन किलोच्या आसपास, निकॉनची तर २.३ किलो. सिग्माची ती ६०० पावणेतीन मीटरच्या आतलं काही टिपत नाही, हेही आधी ठाऊक असू द्या.

७०-२०० एफ/२.८? सुंदर लेन्स. तिन्हीसांजेच्या कुस्त्या, रात्रीची पालखी, लग्नसराईचं काम असेल तर तिच्यावरच पैसे घाला. पक्ष्यांसाठी ती आखूड पडते.

वजनाचं म्हणाल तर दुकानात लेन्स मिनिटभर हातात धरून काही कळत नाही. घरी दोन किलो तूरडाळीची पिशवी घ्या, डोळ्यांसमोर धरा आणि टिटवी कधी उडेल याची वाट बघत असल्यासारखे दहा मिनिटं थांबा. मग ठरवा.

सेकंडहँड लेन्स तपासताना

दिवसाउजेडी भेटा, आपली बॉडी आणि रिकामं कार्ड घेऊन जा.

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतात, सगळ्याच लेन्समध्ये असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत द्या, ‘पुसून निघते’ हे ऐकून घेऊ नका. धुरकट थर दिसला तरी तेच. माउंटच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. फिल्टर लावायच्या कडेला पोचा असेल तर ती पडलेली आहे.

तोंड खाली करून धरा. झूम आपोआप बाहेर घसरत असेल तर किंमत पाडायला मुद्दा झाला, बाकी फार बिघडत नाही. स्टॅबिलायझर चालू करून शटर अर्धवट दाबा. बारीक घरघर येऊन चित्र स्थिर व्हायला हवं. चित्र उड्या मारत असेल तर नको.

मग भिंतीवर पेपरचं पान सपाट चिकटवा. पाचेक मीटरवरून, सगळ्यात मोठ्या एमएमला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, कॅमेरा टेबलावर टेकवून फोटो घ्या. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर स्वाभाविक. एकच कोपरा इतरांपेक्षा फार खराब असेल तर आतली काच सरकलेली आहे. आता तेच एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचा रेखीव आणि व्ह्यूफाइंडरचा नेहमी मऊ येत असेल, तर त्या बॉडीचं आणि लेन्सचं फोकस जुळत नाही. निकॉनच्या डी-७००० मालिकेसारख्या बॉडीत ते मेनूतून जुळवता येतं, डी-३००० आणि डी-५००० मालिकांत येत नाही.

मूळ बिल मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडा. नवी घेतानाही बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय ‘इम्पोर्टेड माल आहे, स्वस्त पडेल’ या बोलण्यात येऊ नका.

सोबतचं सामान

हूड घ्या आणि कायम लावून ठेवा. तिरकं ऊन अडवतो आणि ठेच लागली तर आधी तोच मोडतो. दोन-तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावू नका. टेली लेन्सपुढे हलकी काच म्हणजे चष्म्याला बोटाचा ठसा.

बीनबॅग विकत आणायची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापा, एक तोंड शिवा, दीड-दोन किलो ज्वारी भरा, दुसरं तोंड शिवा. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, किल्ल्याच्या तटावर कुठेही ती लेन्सखाली घट्ट बसते. वर्षातून एकदा उसवून बघा, किडे झालेले असतात. माझ्या आईला हा ज्वारीचा अपव्यय अजून मान्य नाही.

धुळीचं बघा. झूम बाहेर-आत करताना लेन्स हवा ओढते आणि हवेसोबत काळ्या मातीची धूळही. शेतात लेन्स बदलायची वेळ आली तर गाडीत बसून, काचा वर करून बदला. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवं, उंट टिपायला जाणार असाल तर लेन्सला प्लास्टिकची पिशवी चढवून पुढे रबर लावा, फक्त काच उघडी राहू द्या. भंडारा उधळला जातो, आणि हळदीची पूड झूमच्या फटीत गेली की लेन्स उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे पोचण्याआधीच लेन्स लावून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत काढू नका.

पहिले पंधरा दिवस

लेन्स आली की लगेच नाथसागरला पळू नका. घराजवळच्या तारेवरचा वेडा राघू, कोतवाल, पडीक वावरातली टिटवी यांच्यावर हात बसवा.

शटर प्रायॉरिटी ठेवा, बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/१६००, आयएसओ ऑटो. फोकस सतत चालणारा, म्हणजे निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो. फोकसचा मधला एकच बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा पुढची काडी पकडतो. डावा हात लेन्सच्या खालून, कोपरं छातीशी. पक्षी सापडत नसेल तर आधी झूम मागे घ्या, पक्षी चौकटीत आणा, मग वाढवा. पहिले आठ दिवस सगळ्यांना ३०० एमएमला फक्त आभाळच सापडतं, ते तसंच असतं.

उडते पक्षी शिकायला भोरड्यांसारखे शिक्षक नाहीत. ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे थवेच्या थवे वावरावर उतरतात, गोफणीचा आवाज झाला की सगळा थवा एकदम उठून एक वेढा घेतो आणि पुन्हा तिथेच बसतो. एकाच सकाळी वीस वेळा सराव होतो. फक्त आधी वावराच्या मालकाला विचारा, आणि त्याची गोफण फिरत असताना कुठे उभं राहायचं तेही त्यालाच विचारा.

जून लागला की लेन्स कातडी कव्हरात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. रबर लावलेल्या झाकणाचा, हवा न शिरणारा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळ्या खड्यांची सिलिका गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर निळी होईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येते. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा. पावसाळ्यात विजेच्या खांबावर भिजलेला खंड्या बसलेला असतोच.